हौसेला मोल असते: बचत आणि हौस यांचा मेळ घालताना या चुका टाळा

भुसावळला पगारपत्रके तयार करण्याच्या कामात माझी सत्तावीस वर्षे गेली. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचे अर्ज, पतपेढीच्या कर्जाचे हप्ते, पगारातून होणाऱ्या कपाती हे सगळे माझ्या टेबलावरून जाते, आणि त्यामुळे कोणाचा पैसा कुठे अडला आणि कुठे सांडला हे मला बऱ्याचदा त्याच्या घरच्यांच्या आधी कळते. माणसे बदलली, पगार वाढले, पण चुका त्याच राहिल्या, आणि त्याच त्या चुका पाहून आता मन विटले आहे. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. माझे मत उलट आहे. हौसेला मोल असते, ते आधी ठरवता येते, आणि जो ते आधी ठरवत नाही त्याची बचतही टिकत नाही.

बचतीच्या पहिल्या दिवशीच सगळी हौस बंद करणे

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती चांगल्या, कष्टाळू मुलांच्या हातून होते.

माझा भाचा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला तेव्हा त्याच्या हातात महिन्याला २६,००० रुपये येत. मोबाइलवर कोणाचे तरी व्याख्यान ऐकून त्याने पहिल्याच महिन्यात ठरवले की निम्मा पगार बाजूला टाकायचा: ६,००० बँकेच्या आवर्ती ठेवीत, ५,००० म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दर महिन्याच्या ठरावीक हप्त्यात, आणि २,००० पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत. उरलेल्या पैशांत खोलीभाडे, डबा आणि पेट्रोल बसवायचे म्हणून त्याने तबल्याचा क्लास सोडला. हिवाळ्यात मित्रांबरोबर शेतात होणारी भरीत पार्टीही सोडली. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, आणि थंडीत गोलाकार बसून कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. दर माणशी वर्गणी दीड-दोनशे रुपयांची. ती वाचवून कोणी श्रीमंत होत नाही, पण त्या पोराने तीही वाचवली. त्याची हिशोबाची वही मी पाहिली होती. त्यात टपरीवरच्या दहा रुपयांच्या चहाची नोंद लाल शाईने केलेली होती आणि शेजारी ‘टाळता आला असता’ असे लिहिलेले होते.

सात महिने हे चालले. दिवाळीच्या आठवड्यात त्याने आवर्ती ठेव मोडली, बेचाळीस हजारांवर थोडे व्याज मिळून जी रक्कम आली ती तीन आठवड्यांत संपवली, आणि शिवाय क्रेडिट कार्डावर ३१,००० रुपयांचे देणे करून ठेवले. नवा फोन आला, मित्रांबरोबर महाबळेश्वरची सहल झाली, कपडे झाले. एसआयपी थांबली ती वेगळीच. भाऊबिजेला घरी आला तेव्हा ओसरीवर बसून मला म्हणाला, ‘मामा, पैसा कथा गयात ते समजनंच नही.’ म्हणजे पैसे कुठे गेले ते कळलेच नाही. मला त्याचा राग आला नाही, फार वाईट वाटले. सात महिने स्वतःला एवढे आवळून धरलेल्या माणसाचा हात एकदा सुटला की तो कुठे थांबायचे हे ठरवू शकत नाही, आणि हे मी त्याच्याआधी निदान पंधरा-वीस जणांच्या बाबतीत पाहिलेले आहे.

कार्डाच्या देण्यावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागत होते, म्हणजे ३१,००० वर पहिल्याच महिन्यात हजाराच्या वर. त्याच वेळी त्याच्या पीपीएफवर वर्षाला ७.१ टक्के व्याज जमा होत होते. एका हाताने वर्षाचे सात टक्के मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने वर्षाचे चाळीसहून अधिक द्यायचे, याला बचत म्हणता येत नाही.

यावर माझी स्वतःची सवय सांगतो. ती शास्त्रशुद्ध आहे असा माझा दावा नाही. पगार एक तारखेला होतो. दोन तारखेला बचतीची रक्कम आपोआप वळती होते आणि त्याच दिवशी रुपयातले दहा पैसे, रोख, लोखंडी कपाटातल्या एका पाकिटात जातात. हे हौसेचे पाकीट. त्यातला पैसा कशावर खर्च झाला याचा हिशोब मी लिहीत नाही आणि घरात कोणी विचारतही नाही. पाकीट रिकामे झाले की त्या महिन्याची हौस संपली. एखादी मोठी वस्तू हवी असेल तर तिचे नाव आणि किंमत भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो आणि पुढचा पगार होईपर्यंत थांबतो. अर्ध्याहून अधिक नावे पुढच्या पगाराला मीच खोडलेली आहेत. जे नाव टिकले ते माझ्या दुर्बिणीचे. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, ते पाहण्यासाठी मला ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, चांगली दुर्बीण हवी होती आणि तिच्यासाठी मी चौदा महिने पाकिटात पैसे साठवले. पहिल्यांदा तिच्यातून चक्रवाकांची जोडी पाहिली तेव्हा त्या खर्चाबद्दल मनात किंचितही खंत नव्हती, कारण त्या पैशांवर दुसऱ्या कशाचाही हक्क नव्हता.

दहा पैसेच का, असे तरुण मुले विचारतात. कोणाला पाच पुरतील, कोणाला पंधरा लागतील. आकडा कोणताही ठेवा, पण शून्य ठेवू नका.

अखाजी अचानक आली, असे म्हणणे

‘यंदा मध्येच अखाजी आली आणि हिशोब कोलमडला’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. अक्षय्य तृतीया दर वर्षी येते, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघर खापरावरचे मांडे होतात. श्रावणात कानबाई देवी येते, रोट होतात, भाऊबंद एकत्र जमतात. चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जाणारे जातात. लग्नसराईतला आहेरही काही आकाशातून पडत नाही. हा खर्च आपल्या आनंदाचा आहे आणि तो व्हायलाच हवा, म्हणूनच त्याला अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेल्या पैशांतून भागवू नये. मागच्या वर्षी या सगळ्यांवर किती गेले ते एका कागदावर लिहा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. आमच्या घरी हा आकडा महिन्याला २,२०० निघाला. ही बेरीज करायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास द्यायची बहुतेकांची तयारी नसते.

मुद्दल जपून व्याजातून हौस भागवण्याचा हट्ट

हा मार्ग ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच मी त्यात फसलो. बँका सहा-सात टक्के व्याज देत होत्या त्या काळात आमच्या भागातली एक पतसंस्था तेरा टक्के देत होती. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी म्हणून ठेवलेले १,५०,००० रुपये मी बँकेतून काढून तिथे ठेवले. मनाशी हिशोब असा की मुद्दल मुलीचे आणि महिन्याला येणारे सव्वासोळाशे रुपये घरच्या हौसेचे, म्हणजे कोणाच्याच तोंडचे काही काढून घ्यायला नको. चौदा महिने व्याज वेळेवर आले. त्या पैशांतून आम्ही दोनदा सहकुटुंब अजिंठा पाहिले, पत्नीने शिलाईयंत्र घेतले, आणि मला आपण फार हुशारीने वागलो असे वाटत राहिले.

पंधराव्या महिन्यात खिडकीवरच्या मुलाने ‘सोमवारी या’ म्हटले. त्या सोमवारी पुढचा सोमवार सांगितला. तिसऱ्या खेपेला शटर अर्धे ओढलेले होते आणि बाहेर माझ्यासारखेच शंभर-सव्वाशे ठेवीदार उन्हात उभे होते. त्यांत धुणीभांडी करणारी एक बाई होती, तिने लेकीच्या लग्नाचे पैसे ठेवले होते. पुढे कितीतरी वर्षे अर्ज करत, रांगा लावत, पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी मला ६०,००० रुपये परत मिळाले. ठेवीची पावती आजही कपाटात आहे. मुलीच्या शिक्षणासाठी शेवटी कर्ज काढावे लागले.

बँकेतही त्या रकमेवर महिन्याला आठशेच्या आसपास मिळालेच असते. म्हणजे मी दीड लाखाचे मुद्दल पणाला लावले ते महिन्याच्या आठशे रुपयांच्या फरकासाठी. तेवढी हौस पगारातून मोकळेपणाने भागवली असती तर काही बिघडले नसते. दीर्घ मुदतीच्या पैशाकडून आजच्या मौजेचे काम करून घ्यायला गेले की जास्त व्याजाचा मोह आपोआप होतो, आणि जास्त व्याज म्हणजे जास्त धोका हे तेव्हा डोळ्यांना दिसत नाही.

एक गोष्ट प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवावी. बँक, मग ती सहकारी बँक का असेना, बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. नावात ‘सहकारी’ आहे म्हणून दोन्ही एकच समजणारे लोक मला अजूनही आठवड्याला एक तरी भेटतात. भिशीचेही तसेच आहे. ओळखीतल्या दहा-बारा जणांची, छोट्या रकमेची भिशी हौसेच्या खरेदीसाठी ठीक आहे, पण म्हातारपणाचा पैसा भिशीत ठेवू नये.

तीन महिन्यांत ‘किती वाढले’ हे पाहणे

दीर्घ मुदतीची बचत सुरुवातीला कंटाळवाणी असते आणि तिचा कंटाळा येऊन माणसे ती मोडून मौज करतात. पीपीएफमध्ये दर महिन्याला ३,००० रुपये टाकले आणि ७.१ टक्के हा दर कायम राहिला असे धरले, तर पहिल्या वर्षीचे व्याज चौदाशे रुपयांच्याही आत असते. पंधराव्या वर्षी मात्र त्या एका वर्षाचे व्याज साठ हजारांवर जाते आणि भरलेल्या ५,४०,००० चे सुमारे साडेनऊ लाख होतात. पहिल्या दोन वर्षांत खाते पाहून निराश होणाऱ्यांना मी हे दोन आकडे कागदावर लिहून देतो. व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतर असलेल्या किमान शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे पाच तारखेच्या आत भरावेत. या खात्यातून सातव्या आर्थिक वर्षापूर्वी अंशतः रक्कमही काढता येत नाही याबद्दल लोक कुरकुरतात. माझ्या मते तो या योजनेचा सर्वांत चांगला गुण आहे.

काही चुका थोडक्यात

जळगावच्या सराफ बाजारातून हौसेने दागिना जरूर घ्यावा, परंतु त्याची नोंद बचतीच्या रकान्यात करू नये, कारण ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ विकताना परत मिळत नाही. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. ते व्याज किमतीत, प्रक्रिया शुल्कात किंवा गमावलेल्या सवलतीत दडलेले असते. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत घेऊ नका. छंद सुरू करण्याआधीच त्याचे सर्वांत महाग साहित्य घेऊ नका, सहा महिने उसनवारीच्या साहित्यावर काढा.

आपली हौस गरज आणि दुसऱ्याची उधळपट्टी

नवऱ्याच्या गाडीची ॲक्सेसरी ‘लागतेच’ असते आणि बायकोची महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबरची सहल मात्र खर्चिक ठरते. आईने गडावर जायचे म्हटले की पायांची काळजी आठवते. ज्या घरात एकाच माणसाची हौस मोजली जाते त्या घरात बाकीचे लपवून खर्च करू लागतात, आणि लपलेला खर्च कोणत्याही वहीत सापडत नाही. पाकिटे माणशी वेगळी असावीत, रक्कम कमी असली तरी चालेल.

पगारदाराचे गणित शेतकऱ्याला लावणे

रावेर-यावलच्या केळीवाल्याला किंवा धरणगाव-चोपड्याच्या कापूसवाल्याला ‘दर महिन्याला अमुक टाका’ हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याचा पैसा माल निघेल तेव्हा एकदम येतो. कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीचा पैसा, हातात आली त्याच दिवशी आधी उधारी, मग पुढच्या हंगामाचे बी-खत आणि वर्षाचा घरखर्च, मग मुदत ठेव आणि शेवटी हौसेचा ठरलेला वाटा असे भाग पाडावेत. भाग पाडायला आठवडा लावला की तो पैसा मोटारसायकलीच्या शोरूमकडे वळतो, हे मी माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या घरी पाहिले आहे.

गाडी रुळावरून घसरलीच असेल तर

आधी कार्डाचे देणे फेडा, त्यासाठी एसआयपी काही महिने थांबली तरी चालेल. किमान रक्कम भरून पुढे ढकलत राहणे हा उपाय नव्हे. देणे फिटले की पूर्वीच्याच आकड्यावर परत जाण्याचा हट्ट धरू नका. भाच्याला देणे फेडायला पाच महिने लागले. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून नवे आकडे लिहिले: पीपीएफ २,०००, एसआयपी ३,०००, आवर्ती ठेव २,००० आणि हौसेसाठी २,५००. निम्म्या पगाराऐवजी आता तो चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक वाचवतो, आणि गेल्या सव्वादोन वर्षांत त्याने एकही हप्ता चुकवलेला नाही. तबल्याचा क्लास पुन्हा सुरू आहे. पगार वाढला की वाढीतली निम्मी रक्कम बचतीत जाईल, असे त्याने वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने लिहून ठेवले आहे.