कॉलेज बघायला परक्या शहरात जाताय? या चुका टाळा

लोक कॉलेज बघायला म्हणून शहरात येतात आणि परत जाताना मोबाइलमध्ये संग्रहालयाचे आणि तलावाकाठचे फोटो घेऊन जातात. घरी कुणी विचारलं, 'हॉस्टेलपासून वर्गापर्यंत चालत किती मिनिटं?' की सगळे एकमेकांकडे बघतात. ज्या गावात तीन-चार वर्षं काढायची, ते गाव मंगळवारी सकाळी आठला कसं असतं आणि रात्री नऊला कसं असतं, एवढं कळलं तरी प्रवासखर्च वसूल झाला म्हणायचं.

दिवस चुकला की पुढचं सगळं चुकतं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आईवडिलांना सोयीचा दिवस म्हणजे रविवार, नाहीतर मोठी सुट्टी. नेमकं तेव्हाच कॉलेज बंद असतं. रिकामं कॅम्पस सुंदर दिसतं: कॅन्टीनमध्ये हवी ती जागा, ग्रंथालयात शांतता, पार्किंगला जागाच जागा. हे चित्र खरं मानून प्रवेश घेतला की पहिल्याच महिन्यात भ्रमनिरास होतो.

परीक्षेचा आठवडाही तितकाच निरुपयोगी. तास होत नाहीत आणि मुलं बोलायच्या मनःस्थितीत नसतात. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत सगळं झगमगीत असतं, ते वर्षभर तसं राहत नाही. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत वेळापत्रकच बसलेलं नसतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतरचा आणि परीक्षेच्या आधीचा काळ धरावा, आणि त्यातही मंगळवार ते गुरुवार. सोमवारी मुलं घरून परतत असतात, शुक्रवारी निघायच्या तयारीत असतात.

तारीख ठरवण्याआधी कॉलेजच्या वेबसाइटवरचं शैक्षणिक वेळापत्रक उघडा. मग कार्यालयात फोन करून चार गोष्टी विचारा: त्या दिवशी तास आहेत का, कॅम्पस दाखवायला कुणी असतं का आणि आधी नाव नोंदवावं लागतं का, एखाद्या तासाला मागे बसू देतात का, आणि गेटवर कोणतं ओळखपत्र लागतं. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि पद लिहून ठेवा. हा फोन पाच मिनिटांचा असतो, तरी लोक तो टाळतात. मग गेटवरून परत फिरतात आणि सुरक्षारक्षकाशी भांडतात. त्याचा काय दोष?

नकाशावरचं अंतर खरं मानणं

'कॉलेजपासून फक्त तीन किलोमीटर' या चार शब्दांनी जेवढी मुलं फसतात तेवढी कशानेच फसत नसतील. नेहमी घडतं ते असं. एक कुटुंब दुपारी दोन वाजता गाडीने खोली बघायला जातं. रस्ता मोकळा, दहा मिनिटांत पोचतात. खोली हवेशीर, भाडं परवडणारं, आगाऊ रक्कम तिथल्या तिथे दिली जाते. सत्र सुरू होतं आणि कळतं की मधे रेल्वेमार्ग आहे. ते तीन किलोमीटर म्हणजे नकाशावर ओढलेली सरळ रेषा होती, पुलावरून वळसा घेतला की सहा होतात. थेट बस नाही. एक बदलावी लागते आणि बदलायच्या थांब्यावर वीस मिनिटं उभं राहायचं. सकाळच्या गर्दीत एका बाजूला एक तास जातो. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं, घरी यायला सात. दिवाळं निघतं ते झोपेचं आणि अभ्यासाचं. सत्र संपायच्या आत पोरगं खोली सोडतं, आगाऊ रक्कम बुडते आणि खापर फुटतं कॉलेजवर.

हे टाळायला फार अक्कल लागत नाही. रिक्षा, टॅक्सी, ओळखीच्यांची गाडी बाजूला ठेवा. मूल रोज ज्या वाहनाने जाणार, त्याच वाहनाने आणि त्याच वेळी जा. पहिला तास साडेआठला असेल तर साडेसातला खोलीच्या दारातून निघा आणि मोबाइलवर घड्याळ लावा. पाठीवर लॅपटॉप, पुस्तकं, पाण्याची बाटली असलेली, पाच किलोच्या आसपास भरणारी सॅक असू द्या. मोकळ्या हातांनी एक किलोमीटरला साधारण बारा मिनिटं लागतात. सॅक, चढ आणि सिग्नल धरले की पंधरा. तीच फेरी संध्याकाळी सहाला उलटी करा. नकाशाच्या अॅपमध्ये निघायची किंवा पोचायची वेळ घालता येते, ती घातली तर अंदाज जवळपास येतो. तरीही थांब्यावर उभं राहिल्याशिवाय बस थांबते की पुढे निघून जाते, हे कळत नाही.

आणि रात्री नऊला त्याच गल्लीतून एकदा चाला. दिवे किती चालू आहेत, दुकानं उघडी आहेत का, शेवटची बस किती वाजता सुटते. दिवसा बघितलेली खोली म्हणजे अर्धीच बघितलेली खोली.

दाखवतील तेवढंच बघणं

कॅम्पस फेरी साधारण तास-दीड तासाची असते आणि ती ठरलेल्या वाटेने जाते. जरूर करा, पण ती संपली की दुपारचे दोन तास स्वतःचे ठेवा. कार्यालयाजवळच्या तळमजल्यावरचं स्वच्छतागृह नेहमीच चकचकीत असतं, तिसऱ्या मजल्यावरचं चार वाजता बघा. पाण्याच्या कूलरवर फिल्टर बदलल्याची तारीख लिहिलेली असते का, बघा. प्रयोगशाळेत यंत्र किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्यांच्यावरचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्र अचूक मोजतं का हे तपासल्याचं, स्टिकर आणि शेजारची वापराची नोंदवही बघा. तारीख जुनी आणि वही कोरी असेल तर यंत्र पाहुण्यांसाठी आहे. एका यंत्रावर किती मुलांची बॅच असते, तेही विचारा. सूचनाफलकावर मागच्या वर्षीचे कागद लटकत असतील तर विभाग किती जागरूक आहे, हे न विचारता कळतं.

हॉस्टेलमध्ये नमुन्याची खोली दाखवतात. मूल जिथे राहील त्या मजल्यावरची दाखवा म्हणा. दार लावून मोबाइलला रेंज येते का बघा. गरम पाणी कोणत्या वेळेत, गेट किती वाजता बंद, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या वर्षी खोली मिळते का. कित्येक ठिकाणी पहिल्या वर्षाला प्राधान्य असतं आणि पुढे बाहेर शोधावं लागतं. ही गोष्ट आपणहून क्वचितच कुणी सांगतं.

मुलांशी बोलताना 'कॉलेज कसं आहे?' विचारू नका. उत्तर 'छान आहे' असंच येतं. 'काल तुझा शेवटचा तास किती वाजता संपला?', 'गेल्या आठवड्यात किती तास झाले नाहीत?', 'आजारी पडलास तेव्हा कुठे गेलास?' असं विचारा. नेमक्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणं अवघड जातं. आणि हे प्रश्न मुलाने विचारायचे. आईवडील शेजारी उभे असले की समोरचे विद्यार्थी आवरून बोलतात, म्हणून एक तास वेगळे व्हा. तेवढ्या वेळात मोठ्यांनी कार्यालयातून पूर्ण खर्चाचा कागद घ्यावा: शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क, मेस, परत मिळणारी अनामत, दरवर्षीची वाढ. तोंडी आकडा घेऊन येऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- एका दिवसात चार-पाच कॉलेजं. दोनच्या पुढे गेलात की तिसऱ्याची इमारत आणि पहिल्याची प्रयोगशाळा डोक्यात एकत्र होतात. घाई असेल तर यादी कापा, दिवस कापू नका.
- नवे बूट. दुपारी फोड येतो आणि उरलेलं कॉलेज बाकावर बसून बघावं लागतं.
- नावाच्या पाटीचा फोटो न काढणं. प्रत्येक ठिकाणचा पहिला फोटो पाटीचा, मगच बाकीचे.
- टिपणं 'घरी जाऊन लिहू'. कुणी लिहीत नाही. त्याच रात्री झोपण्याआधी पाच ओळी, आणि मुलाच्या हस्ताक्षरात.
- व्हिडिओ बघून 'बघितलं' म्हणणं. कॅमेऱ्याला वास येत नाही, आवाजही निवडून घेतलेला असतो.
- शहरातली प्रेक्षणीय स्थळं आधी. ती शेवटच्या अर्ध्या दिवसावर ठेवा. त्याआधी औषधाचं दुकान, दवाखाना, झेरॉक्स, कपडे धुण्याची सोय आणि एटीएम चालत जाऊन शोधा.

पोचलात आणि कॉलेज बंद निघालं तर

लगेच परतीचं तिकीट काढू नका. हॉस्टेलवर काही मुलं सुट्टीतही राहतात, ती बाहेर चहाला येतात आणि निवांत असल्यामुळे जास्त मोकळेपणाने बोलतात. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा की मुलं कोणत्या भागात राहतात आणि कोणता भाग सोडून जातात. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची मुलं येतात. खोलीपासून गेटपर्यंतचं चालणं आणि रात्रीची फेरी सुट्टीच्या दिवशीही होते. बसची वेळ मात्र त्या दिवशी धरू नका, सुट्टीला गाड्या कमी आणि रस्ते मोकळे असतात. तासाला बसणं, प्रयोगशाळा आणि कार्यालय एवढं राहिलं असेल तर त्यासाठी एकट्या मुलाला, शक्य असल्यास एखाद्या मित्राबरोबर, कामाच्या दिवशी पुन्हा पाठवा. सगळ्या घराने दुसऱ्यांदा यायची गरज नसते.