सोलापुरात नव्याने आलात? इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याआधी एवढं वाचा

चिपळूणहून सोलापुरात येऊन मला अकरा वर्षं झाली. दरवर्षी आपल्याकडची दोन-चार पोरं चिंचोली एमआयडीसीत लागतात आणि पहिला पगार झाला की विचारतात, "दादा, इलेक्ट्रिक घेऊ का?" घ्या. पण मी २०१९ मध्ये घेतली तशी घेऊ नका.

दुकानदार म्हणाला होता, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, चालवा बिनधास्त." ते खोटं नव्हतं. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर यातलं काहीच लागत नाही. पण त्या वेगाने पुणे हायवेवर ट्रकांच्या रांगेत रोज पंधरा किलोमीटर जाणं म्हणजे काय, ते मला आठवडाभरात कळलं. शिवाय आत शिशाच्या पाच बॅटऱ्या होत्या. पहिला उन्हाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या एप्रिलात चार्ज पुरेना, आणि एका संध्याकाळी हायवेवरच्या बाळे भागापासून घरापर्यंत गाडी ढकलत आणली. नव्या बॅटऱ्यांना सोळा हजार मोजले. दुकान तोवर बंद झालं होतं. पंचविसाच्या वर जाऊ न देणारं वेगाचं लॉक काढून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. लॉक काढलं की कायद्याने पासिंग लागतं, ते नसल्याने गाडी विनापासिंगची ठरते आणि अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर येतं.

म्हणून लिथियम बॅटरीची, पासिंगची गाडीच घ्या. एमएच १३ ची हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. चांगली गाडी लाखाच्या आसपास किंवा वर जाते. जीएसटी पाच टक्केच आहे. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. किंमत विचारताना चार्जरसकट ऑन-रोड विचारा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, हे कागदावर घ्या. आपली माणसं "मित्राने घेतलीय" एवढ्यावर पैसे भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खर्च. शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून साधारण साडेतीन युनिट लागतात. चिंचोलीला जाऊन-येऊन रोज तीस किलोमीटर आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर सत्तावीस-अठ्ठावीस युनिट होतात. युनिटला बारा रुपये धरले तरी साडेतीनशेच्या आत. पेट्रोलच्या स्कूटरला याच अंतराला सतरा-अठरा लिटर लागतं, आणि लिटर शंभरच्या वर आहे.

पण महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं. शंभर युनिटच्या पुढे दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी. मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो, त्यात गाडीचे युनिट पडले की तेवढ्यासाठी वरचा दर लागतो. भाड्याने राहत असाल तर घरमालकाशी आधीच बोला. सबमीटर बसवा, युनिटचा दर ठरवा. इथली माणसं मोठ्याने बोलतात, पण सरळ आहेत. माझ्या घरमालकीणबाई घरात तेलुगू, माझ्याशी मराठी आणि भाजीवालीशी कन्नड बोलतात. वायरमन त्यांनीच बोलावून दिला.

वायरमनचं काम टाळू नका. पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नका. जिन्यात किंवा घराच्या एकुलत्या एका दाराशी तर मुळीच नको. बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायला वाट राहत नाही.

सोलापूरचं ऊन आपल्याला ठाऊक नसतं. पारा ४२-४३ वर जातो. चिंचोलीहून आलात की लगेच चार्जिंग लावू नका, तासभर गाडी सावलीत निवू द्या आणि रात्री लावा. कंपनीत पत्र्याची शेड नसेल तर झाडाखाली उभी करा. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये ठेवलीत तर बॅटरी जास्त टिकते.

सर्व्हिसिंग कमी लागतं. टायर आणि ब्रेक बघत राहा.

अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस. एका चार्जवर जाऊन-येऊन जमेल असं धरून निघू नका. तिथे चार्जिंग कुठे लावता येईल ते आधी विचारा.

आणि घर बघताना पाण्याची मोठी टाकी आहे का बघा. इथे नळाला रोज पाणी येत नाही.