जुन्या ॲक्सेस डेटाबेसचा पासवर्ड आणि नवी आवृत्ती: या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतील अनेक लहान पतसंस्था आणि वाचनालये सभासदांच्या नोंदी आजही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी साठवण्याच्या प्रोग्रामच्या एमडीबी (जुन्या स्वरूपाच्या) फाइलीत ठेवतात. नवा संगणक आला, की ही फाइल २००७ पासून रूढ झालेल्या एसीसीडीबी स्वरूपात सहसा नेली जाते, आणि फाइलला पासवर्ड असेल तर बहुतेक घोटाळे याच टप्प्यावर होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पासवर्ड तसाच ठेवून फाइलीचे रूपांतर करणे. दोन्ही स्वरूपांतील सुरक्षेची पद्धत वेगळी आहे. म्हणून आधी फाइलीची प्रत घ्यावी, ज्या आवृत्तीत पासवर्ड घातला होता शक्यतो त्याच आवृत्तीत तो काढावा, मग रूपांतर करावे आणि नव्या फाइलीला पासवर्ड नव्याने द्यावा. पासवर्ड काढताना किंवा घालताना फाइल ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’ने उघडावी लागते, हा पर्याय ‘ओपन’ बटणाच्या शेजारच्या बाणाखाली असतो. शेजारच्या टेबलावरील संगणकावर तीच फाइल उघडी असेल, तर ती अशी उघडता येत नाही. फाइल ॲक्सेस ९७ ची असेल, तर २०१३ किंवा त्यानंतरची आवृत्ती ती उघडतच नाही. ती आधी २०१० किंवा त्याहून जुन्या आवृत्तीत नेऊन मगच पुढे न्यावी.

काही ठिकाणी कारकून आणि व्यवस्थापक यांना वेगवेगळे अधिकार देणारी वापरकर्तानिहाय सुरक्षा असते. एसीसीडीबीमध्ये ती सोयच नाही, त्यामुळे रूपांतर होताच हे अधिकार निघून जातात. कोणाला काय दिसावे, याची यादी आधीच कागदावर करून ठेवावी.

निपाणीजवळच्या एका पतसंस्थेत मी रात्री काम संपवून निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिग्मी एजंट (रोजची बचत घरोघरी जाऊन गोळा करणारे) पावत्या घेऊन काउंटरवर उभे असताना पडद्यावर ‘नॉट अ व्हॅलिड पासवर्ड’ असे आले. पासवर्ड बरोबर होता. नोंदींची फाइल एक आणि फॉर्मची (नोंदी भरायच्या पडद्यांची) फाइल दुसरी, अशी त्यांची रचना होती. मी नोंदींच्या फाइलीला नवा पासवर्ड दिला होता, पण फॉर्मच्या फाइलीतील जोडलेली टेबले (नोंदींच्या फाइलीतील माहिती दाखवणाऱ्या जोडण्या) जुनाच पासवर्ड धरून बसली होती. ही टेबले फॉर्मच्या फाइलीतून काढून टाकावीत (त्याने फक्त जोडणी जाते, नोंदी जात नाहीत) आणि नवा पासवर्ड देऊन पुन्हा जोडावीत. जोडणीत हा पासवर्ड उघड मजकूर म्हणून साठतो, म्हणजे फॉर्मची फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो. म्हणून त्या फाइलीलाही पासवर्ड असणे मला अत्यावश्यक वाटते.

एवढे करूनही तोच संदेश आला, तर ऑप्शन्समधील ‘क्लायंट सेटिंग्ज’च्या तळाशी ‘यूज लेगसी एन्क्रिप्शन’ (फाइल सांकेतिक करण्याची जुनी पद्धत) निवडावे, नोंदींच्या फाइलीचा पासवर्ड काढून पुन्हा घालावा आणि टेबले परत जोडावीत. ही पद्धत सुरक्षेत थोडी कमी आहे, पण अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या फाइलीला ती मानवते.

आपल्या भागातील आणखी एक अडचण म्हणजे भाषा. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळफलक मराठी किंवा कन्नडवर राहिला तर ते लक्षात येत नाही आणि योग्य पासवर्डही नाकारला जातो. आधी वहीवर नव्हे, तर नोटपॅडमध्ये तो टंकून पाहावा आणि लगेच पुसावा. रूपांतरानंतर नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसली, तर एन्क्रिप्शन बिघडले असे समजू नये. मराठी नावे शिवाजी किंवा श्रीलिपीत आणि कन्नड नावे नुडीत टंकलेली असतात आणि नव्या संगणकावर ते फाँट नसतात. युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची पद्धत) रूपांतर हे वेगळे काम आहे. ते नंतर, मराठी आणि कन्नड स्तंभ स्वतंत्रपणे घेऊन करावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले बेळगाव शहराचे नाव (बेळगावी) पत्त्यांत सुधारण्याचे कामही त्याच दिवशी हाती घेऊ नये, कारण मग जुन्या आणि नव्या फाइलीतील फरक कशामुळे पडला, हे शोधता येत नाही.

शेवटी प्रत्येक टेबलातील नोंदींची संख्या आणि पिग्मी खात्यांची एकूण शिल्लक दोन्ही फाइलींत जुळवून पाहावी. जुनी फाइल वर्षाचा हिशेब तपासून होईपर्यंत तशीच ठेवावी आणि तिचा पासवर्ड बंद पाकिटात घालून सचिवांच्या तिजोरीत ठेवावा.