लॉकडाऊनमधल्या कोल्हापूरवर व्हिडिओ कलाकृती कशी करावी

लॉकडाऊनवर काही करायचं म्हटलं की लोक रिकाम्या महाद्वार रोडचं ड्रोन चित्रण शोधतात आणि त्याखाली उदास पियानो लावतात. कृपा करून हे करू नका. वरून रस्ता रिकामा दिसतो, माणूस एकटा दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा घरात हवा.

एकच खोली निवडा. २५ मार्च २०२० नंतरच्या क्लिपा घरच्यांकडून मूळ फाइलमध्येच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. फोन फ्रेम्सचा वेग कमीजास्त करत असतो, म्हणून एडिटिंगला घेण्यापूर्वी त्या सेकंदाला स्थिर २५ फ्रेम्सला बदला, नाहीतर आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात. नवं चित्रण स्टँडवर, एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक करून, शटर १/५० सेकंदाला. म्हणजे ट्यूबलाइट फडफडत नाही.

आता आवाज. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. ट्रॅक म्यूट केला की शांतता मिळत नाही, बघणाऱ्याला स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. खोलीची शांतता वेगळी रेकॉर्ड करावी लागते. पंखा बंद करा, रेकॉर्डर उशीवर ठेवा, दार ओढून स्वतः बाहेर थांबा. फोन वापरत असाल तर ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं) बंद करता येईल असंच अ‍ॅप घ्या, नाहीतर शांत जागी नुसती सूं सूं वर येते. फ्रिज मात्र चालू राहू दे. त्याची घरघर चालू असताना जाणवत नाही. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा खोली एकदम मोठी होते. तो क्षण मिळेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. अख्खी कलाकृती मी त्याच्याभोवती रचतो.

मग बाहेरचं शहर. गंगावेशीत म्हशीची धार पेल्यात पडते तो आवाज, तालमीतले हुंकार, शाहू स्टेडियमवरचा कल्ला आज जवळून रेकॉर्ड करा आणि इक्वलायझरमध्ये साधारण १००० हर्ट्झच्या वरचा भाग उतरवा. आवाज बंद खिडकीपलीकडे जातो. रिकाम्या रस्त्याच्या चित्राखाली गर्दी लावण्याची युक्ती फार वापरून झाली आहे. हे आवाज घरातल्या भिंतीच्या चित्राखाली ठेवा, एका वेळी एकच. अँब्युलन्सचा सायरन अजिबात नको. ज्याच्या घरचं माणूस तेव्हा गेलं, त्याला तिथून पुढचं काही दिसत नाही.

आवाज पूर्ण मांडून झाला की त्यावर चित्रं बसवा. हे काम सोपं आहे.

दाखवायला अंधारी खोली आणि बऱ्यापैकी स्पीकर हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर खोलीची शांतता ऐकूच येत नाही.