नागपुरात रेडियम कटिंग आणि नामफलकांचा छोटा व्यवसाय कसा उभारावा

रंगीत व्हिनाईलवर (मागे चिकटद्रव्य असलेल्या पातळ प्लास्टिक फिल्मवर) संगणकाच्या मदतीने अक्षरे किंवा चित्रे कापून ती काचेवर, गाडीवर अथवा फलकावर चिकटवणे, म्हणजेच बाजारात ज्याला रेडियमचे काम म्हणतात ते काम, घरातील एका खोलीतून आणि बेताच्या भांडवलावर सुरू करता येते. मात्र नागपुरात हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने यंत्राची चौकशी करण्याआधी दोन गोष्टींचा अभ्यास करायला हवा. एक म्हणजे मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणारे इथले ऊन आणि दुसरी म्हणजे देवनागरी अक्षरांची घडण. ज्याने या दोन्ही नीट समजून घेतल्या, त्याचे काम टिकते आणि त्याचा ग्राहक दुसऱ्या ग्राहकाला सोबत घेऊन येतो.

प्रथम काय करू नये ते सांगतो. फ्लेक्स छपाईच्या मोठ्या यंत्रात सुरुवातीलाच पैसे गुंतवू नयेत. त्या धंद्यात भाव चौरस फुटावर ठरतो, स्पर्धा तीव्र आहे आणि नफ्याचा वाटा अगदी थोडा उरतो. शिवाय 100 मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि सार्वजनिक जागी बॅनर लावायचा तर महानगरपालिकेची परवानगी लागते. ग्राहकाने फ्लेक्स मागितलाच, तर तो बाहेरून छापून घ्यावा व आपले लक्ष कटिंगवर ठेवावे. त्याचप्रमाणे नंबर प्लेटच्या कामावर हिशेब बांधू नये. एकेकाळी रेडियमच्या दुकानांचा तो मोठा आधार होता. परंतु 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनाला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच मिळते आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ती अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावी लागते. ट्रकवर लावायच्या परावर्तक पट्ट्यांसाठी एआयएस-090 हे मानक आहे, त्यामुळे तिथे साधे चमकणारे रेडियम लावून देणे म्हणजे ग्राहकाला अडचणीत आणणे होय.

मग काम कोणाचे घ्यावे? धंतोली आणि रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे. तिथे काचेच्या दारांवर डॉक्टरांची नावे, वेळा आणि फ्रॉस्टेड फिल्मचे पट्टे सतत लागतात. वाडीत वाहतूक कंपन्यांची कार्यालये व गोदामे आहेत आणि त्यांना गाड्यांच्या दारांवर कंपनीचे नाव व फोन क्रमांक हवे असतात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतील कारखान्यांना सुरक्षा-चिन्हे लागतात, ज्यांच्या रंग व आकारासाठी आयएस 9457 हे भारतीय मानक आहे. ते वाचून जाणारा माणूस खरेदी अधिकाऱ्याला लगेच वेगळा वाटतो. फ्लॅट स्कीममधील दारांवरच्या नावाच्या पाट्या हे लहान पण बारमाही काम आहे. तान्हा पोळ्याच्या आधी लाकडी बैलांवर मुलांची नावे लावून देण्याचे कामही हंगामात चांगले चालू शकते. सुरुवातीला यांपैकी दोनच प्रकार निवडावेत, कारण प्रत्येक प्रकारासाठी वेगळे व्हिनाईल आणि वेगळा हात लागतो.

दुकानांच्या पाट्यांबाबत एक कायदेशीर बाब आपल्या उपयोगाची आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे. पाटीवर मराठी मजकूर आधी असावा लागतो आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. गल्लीतील छोट्या दुकानदाराला हे नीट समजावून सांगितले आणि त्याची जुनी इंग्रजी पाटी न उतरवता वरच्या मोकळ्या जागेत मराठी नाव बसवून देण्याचा पर्याय सुचवला, तर काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

यंत्राविषयी फार घोळ घालण्याची गरज नाही. 24 इंच रुंदीचा कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या सूचनेनुसार पात्याने व्हिनाईल कापणारे यंत्र, पुरेसा आहे. घरगुती वापराची छोटी यंत्रे हौसेला ठीक असली तरी रोजच्या कामाला अपुरी पडतात. छापलेल्या स्टिकरभोवती कापण्याचे काम घ्यायचे असेल, तर छपाईवरील खुणा ओळखणारा डोळा असलेलेच यंत्र घ्यावे, कारण ही सोय मागाहून बसवता येत नाही. साध्या व्हिनाईलला 45 अंशांचे पाते, तर जाड किंवा परावर्तक मालाला 60 अंशांचे पाते वापरावे. प्रत्येक नव्या रोलवर आधी एक छोटा चौकोन कापून पाहावा. व्हिनाईल पूर्ण कापले जावे आणि खालच्या कागदावर पात्याची फक्त पुसट रेघ उमटावी. कागदही कापला जात असेल तर दाब कमी करावा, नाहीतर सोलताना, म्हणजे अक्षरांभोवतीचे नको असलेले व्हिनाईल काढताना, कागदाचे तुकडे व्हिनाईलसोबत निघून येतात. सॉफ्टवेअर म्हणून कोरलड्रॉ बहुतेकांना परिचित आहे; खर्च टाळायचा असेल तर इंकस्केप मोफत मिळते आणि युनिकोड देवनागरी व्यवस्थित हाताळते.

आता उन्हाकडे वळतो. व्हिनाईल मुख्यतः दोन रीतींनी तयार होते. कॅलेंडर्ड व्हिनाईल रुळांखाली ताणून पातळ केलेले असते, त्यामुळे उष्णता मिळाली की ते मूळ आकाराकडे आकसू पाहते. कडांभोवती चिकटद्रव्याची काळपट रेघ दिसू लागते ती यामुळेच. कास्ट व्हिनाईल द्रवरूपात ओतून भट्टीत पक्के केले जाते, त्यात तो ताण नसतो आणि ते साधारण 50 मायक्रॉन इतके पातळ असल्याने गाडीच्या वळणांवर बसते. कॅलेंडर्डमध्येही मोनोमेरिक हा स्वस्त व लवकर आकसणारा, तर पॉलिमेरिक हा त्याहून टिकाऊ प्रकार आहे. माझे स्पष्ट मत असे की, नागपुरात उघड्यावर लावायच्या कोणत्याही कामाला मोनोमेरिक वापरू नये, मग ग्राहक भावावर कितीही अडून बसो. ते दुकानातील सवलतीच्या जाहिरातींना किंवा आतल्या भिंतींना ठीक आहे. सपाट बोर्डाला पॉलिमेरिक आणि गाडीच्या वळणदार भागाला कास्ट, हा नियम पाळावा.

पॅकिंगवर लिहिलेल्या वर्षांवर विसंबून हमी देऊ नये. ओराकल व्हिनाईल बनवणाऱ्या ओराफोलसारख्या कंपन्या आपल्या तपशीलपत्रकात जे आयुष्य देतात, ते उभ्या पृष्ठभागासाठी आणि मध्य युरोपातील हवामानासाठी असते. आपल्याकडील पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर तेच व्हिनाईल तितके टिकणार नाही, आणि आडव्या पृष्ठभागावर तर त्याचे आयुष्य आणखीच घटते. काळा व पांढरा हे रंग सर्वांत जास्त टिकतात. लाल आणि पिवळा लवकर फिकटतात. म्हणून फोन क्रमांकासारखा महत्त्वाचा मजकूर शक्यतो काळ्या किंवा पांढऱ्या रंगात ठेवावा आणि लाल रंग सजावटीपुरता वापरावा, असे ग्राहकाला सुचवावे.

देवनागरी कापणे हा या व्यवसायातील सर्वांत कौशल्याचा भाग आहे. संगणकावर टाइप केलेला शब्द दिसायला एकसंध असला, तरी आतून तो सुट्या तुकड्यांचा असतो. एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. वेलांटी, मात्रा आणि रफार यांच्या बाह्यरेषाही अक्षरात शिरलेल्या असतात. पडद्यावर रंग भरलेला असल्याने हे सांधे दिसत नाहीत, पण प्लॉटर केवळ बाह्यरेषा वाचतो आणि प्रत्येक सांध्यावर पाते फिरवतो. असा शब्द सोलायला घेतला की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि वेलांटी निखळून येते. यासाठी मजकुराचे आधी कर्व्हमध्ये (नुसत्या बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करावे, मग सर्व तुकडे वेल्ड करावेत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडून एकसंध करावेत, आणि रंग न दाखवता फक्त रेषा दाखवणाऱ्या वायरफ्रेम दृश्यात पाहून खात्री करावी. शिरोरेषा शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली, तरच फाइल यंत्राकडे पाठवावी. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि वाचणाऱ्यालाही ते खटकते.

नीट वेल्ड केलेल्या शब्दाचा एक मोठा लाभ असा की शिरोरेषा सगळी अक्षरे धरून ठेवते आणि शब्द एका तुकड्यात उचलता येतो. अडचण सुट्या टिंबांची असते. 'आनंद' हा शब्द घ्या. बाहेरचे व्हिनाईल सोलताना 'नं'वरचा अनुस्वार हमखास त्याच्यासोबत उठतो. अशा वेळी सोलण्याची दिशा तिरकी ठेवून व्हिनाईल अगदी कागदालगत मागे ओढावे, टिंबाजवळ येताच वेग कमी करावा आणि चिमट्याच्या टोकाने टिंब कागदावर दाबून धरावे. उभे वर ओढले की टिंब गेलेच. लहान अक्षरांत अनुस्वार मुळातच थोडा मोठा आखून घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. अनुस्वार हरवलेली पाटी म्हणजे चुकलेले नाव, आणि नाव चुकणे कोणताही ग्राहक विसरत नाही.

फॉन्ट निवडताना रेषांची जाडी सारखी असलेले, बारीक टोके नसलेले फॉन्ट घ्यावेत. मुक्त, हिंद, बालू हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने व्यावसायिक कामातही निःशंकपणे वापरता येतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तर तेच लावावे, कारण पाटी मराठी आहे हे त्या अक्षरांवरूनही कळते. ग्राहकाने श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवला, तर तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्यावा आणि शुद्धलेखन तपासून ग्राहकाची मंजुरी व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावी. मंजुरीशिवाय एकही अक्षर कापू नये.

अक्षरांच्या उंचीसाठी दर दहा फूट अंतरामागे एक इंच हा ठोकताळा प्रचलित आहे. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर पलीकडच्या बाजूने, समजा 50 फुटांवरून, पाटी वाचली जावी असे वाटत असेल, तर किमान पाच इंचांची अक्षरे हवीत आणि मात्रांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडलेली हवी.

चिकटवण्याचे काम उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सावलीतच करावे. तापलेल्या पत्र्यावर चिकटद्रव्य क्षणात धरते, व्हिनाईल ताणले जाते आणि सरळ करायला वाव उरत नाही. पृष्ठभाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. नागपुरी धुळीचा एक कणही खाली राहिला तर फुगा दिसतोच. ताज्या रंगातून वायू निघत राहतात, म्हणून नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर किमान आठवडाभर काही लावू नये. काचेवर मोठा तुकडा लावताना पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून फवारावे, म्हणजे तो सरकवून जागेवर आणता येतो. मग स्क्वीजीने (पाणी ओढायच्या पट्टीने) मधून कडांकडे पाणी काढावे आणि ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरे कागदावरून उचलून जागेवर नेण्यासाठी वरून लावलेला टेप) घाई न करता, पृष्ठभागाशी समांतर मागे ओढावा. दाराच्या आतून लावायचे असेल तर मजकूर उलटा कापावा लागतो. रस्त्याकडच्या काचेला मी नेहमी हीच पद्धत सुचवतो, कारण मग धूळ, पाऊस आणि रोजची पुसापुशी अक्षरांपर्यंत पोहोचतच नाही.

भाव ठरवताना स्टिकरचे क्षेत्रफळ न धरता रोलमधून खर्च झालेले क्षेत्रफळ धरावे. 18 इंच बाय 30 इंचांचा मजकूर 3.75 चौरस फुटांचा होतो. पण 24 इंचांच्या रोलमधून 30 इंच लांबी गेली म्हणजे प्रत्यक्षात पाच चौरस फूट माल गेला. उरलेली पट्टी लहान स्टिकरसाठी जपून ठेवावी, मात्र ती विकली जाईल असे गृहीत धरून भाव कमी करू नये. त्यावर ट्रान्सफर टेप, आखणीचा वेळ, सोलण्याचा वेळ, जाण्या-येण्याचा खर्च आणि लावण्याची मजुरी वेगवेगळी लावावी. बारीक मराठी मजकुराला सोलायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्याचा दर मोठ्या अक्षरांपेक्षा चौरस फुटाला अधिकच असला पाहिजे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेले पॅनेल) किंवा ॲक्रिलिकचे प्रकाशमान बोर्ड घेऊ लागल्यावर चौकटीचे वेल्डिंग आणि वायरिंग जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे व त्याचा खर्च कोटेशनमध्ये स्वतंत्र दाखवावा.

नोंदणीचे काम सोपे आहे. उद्यम नोंदणी आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि विनामूल्य होते, त्यासाठी दलालाची गरज नाही. कामगार थोडेच असतील तर शॉप ॲक्टखाली, म्हणजे वर सांगितलेल्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली, केवळ सूचना द्यावी लागते. जीएसटी नोंदणीची मर्यादा केवळ माल विकणाऱ्याला वार्षिक 40 लाख रुपये आणि सेवा देणाऱ्याला 20 लाख रुपये आहे. आपण लावूनही देतो, तेव्हा 20 लाखांचा आकडाच डोळ्यांसमोर ठेवावा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळते. मोठा विचार असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. नामांकित कंपन्यांची चिन्हे किंवा कार्टूनमधील पात्रे परवानगीशिवाय कापून विकू नयेत.

प्रत्येक कामाची फाइल, व्हिनाईलचा रंग क्रमांक, रोलचा प्रकार आणि लावल्याची तारीख एका वहीत नोंदवावी. पहिला उन्हाळा संपत आला की, जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी, उघड्यावर लावलेली सगळी कामे स्वतः जाऊन पाहावीत. कुठे कड उचलली असेल तर ती तिथेच दुरुस्त करून द्यावी, आणि कोणता माल कोणत्या दिशेच्या भिंतीवर कसा राहिला हे वहीत त्या कामासमोर लिहावे; पुढच्या ग्राहकाला किती वर्षांची हमी द्यायची हे त्या नोंदींवरून ठरवावे.