मदरशात इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

गोवंडीतल्या एका निवासी मदरशात मी इंग्रजी शिकवतो. नवीन शिकवणारे येतात आणि तेच तेच घोळ घालतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे दुआ रोमन लिपीत लिहून देणं. हा उद्योग मीसुद्धा केलाय. पोरांचा हात इंग्रजी अक्षरांवर बसावा म्हणून 'या मुकल्लिबल कुलूब' टाइप करून वीस झेरॉक्स वाटल्या. अर्थ असा की हृदयं फिरवणाऱ्या, माझं हृदय तुझ्या दीनवर, म्हणजे धर्मावर, पक्कं ठेव. आता अरबीत बडा काफ आणि छोटा काफ ही दोन वेगळी अक्षरं, दोन वेगळे उच्चार, आणि आपण मराठी माणसं, नुक्त्याशी, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाशी, आपला संबंध काय, मी सगळीकडे सरसकट 'के' मारला. बडा काफ असेल तर कल्ब म्हणजे हृदय, छोटा असेल तर कुत्रा! एका नवीन पोराने, ज्याचा नाजरा, म्हणजे कुराण बघून वाचणं, अजून कच्चा होता, कागद बघून खणखणीत आवाजात वाचलं आणि उस्ताद नेमके दारात. "सर, ये अपने कुत्ते के लिए दुआ मांग रहा है क्या?" एवढंच बोलले आणि वीसच्या वीस कागद गोळा करून घेऊन गेले. तेव्हापासून फळ्यावर उजवीकडून अरबी लिपीत अरबी, डावीकडून इंग्रजी अर्थ, मधे भेटले की थांबायचं.

जकातला 'चॅरिटी' म्हणू नका. जकात फर्ज आहे, म्हणजे धर्माने बंधनकारक; निसाबाच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर मालमत्ता असेल आणि वर्ष उलटलं तर अडीच टक्के द्यावेच लागतात. मनात आलं म्हणून दिलं तो सदका. नमाजही 'प्रेअर', दुआही 'प्रेअर', मग पोरगं गोंधळणार नाही तर काय? मी मूळ शब्द तसाच ठेवतो.

युसुफ अलींच्या कुराणाच्या इंग्रजी भाषांतरावरून बोलायला शिकवू नका. माणूस १८७२ साली आपल्या मुंबईतच जन्मलेला, काम थोर, पण १९३४ पासून छापलं गेलेलं ते इंग्रजी 'यू'ऐवजी जुन्या 'दाऊ-दी' वालं. वाचायला उत्तम, कारण अरबीतला एकाला 'तू' आणि अनेकांना 'तुम्ही' हा फरक त्यात दिसतो, नुसत्या 'यू'मधे तो गायब. पण माझ्या एका पोराने सुट्टीच्या अर्जात 'आय बिसीच दी' (मी तुझी विनवणी करतो) लिहिलं होतं.

तीस दिवसांत इंग्रजीवाली अॅपं काढून टाका. जोगेश्वरीच्या मरकझुल मआरिफ या संस्थेत, मदरशाचं शिक्षण पूर्ण करून आलिम झालेल्या मुलांचा इंग्रजीचा डिप्लोमासुद्धा दोन वर्षांचा आहे, तुम्हाला कसली घाई?

आणि वेळ. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, सबकाची (धड्याची) वेळ, तिथे घुसायचं नाही. असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, क्रिकेट. मी एकदा त्या वेळात क्लास ठेवला, सात जण आले, त्यातले तीन आउट झालेले.