शिंगरावर खोगीर कधी चढवायचं? या चुका टाळा

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून दोन वर्षांचं शिंगरू घरी येतं. अंगानं भरलेलं, मान उंच, चाल देखणी. आठ दिवस होत नाहीत तोच घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता बसून बघू की!" कृपा करून थांबा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे उंचीवरून अंदाज बांधणं. दोन वर्षांचा घोडा जवळजवळ पूर्ण उंच झालेला असतो, पण हाडं पक्की झालेली नसतात. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो, तिथून हाड वाढतं. पायात हे थर साधारण खालून वर बंद होत जातात. खुराजवळचे पहिल्या वर्षातच, गुडघ्याच्या वरचा दोन-अडीच वर्षांच्या सुमारास. पाठीच्या मणक्यांचे मात्र पाच वर्षं उलटल्यावरही पुरते बंद झालेले नसतात. आपण बसतो ती जागाच सर्वांत उशिरा तयार होते. मागचे पुठ्ठे खांद्यापेक्षा उंच दिसत असतील, तर वाढ चालू आहे हे नुसत्या नजरेलाही कळतं.

विकणाऱ्यानं सांगितलेल्या वयावर विसंबू नका, तोंड उघडून बघा. समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. म्हणून अदंत, म्हणजे एकही पक्का दात न आलेल्या, शिंगरावर बसायचंच नाही. दोनदातीला जमिनीवरून शिकवायचं. हलकी स्वारी चारदाती झाल्यावर, असं माझं मत. शर्यतीचे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळतात हे खरं, पण तिथे हलके जॉकी असतात आणि रोज पशुवैद्याची नजर असते. आपल्या गोठ्यात तसं नसतं.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट. "अजून लहान आहे" म्हणून तीन वर्षं दावणीला बांधून ठेवायचं आणि मग एकदम खोगीर. मोकळ्या रानात पळूनच कोवळं हाड घट्ट होतं. रोज काही तास तरी शिंगरू सुटं हवं. लांब दोरीवर गोल फिरवणं मात्र थोडंच, कारण सततच्या वळणाचा ताण सांध्यांवर येतो.

बसण्याआधी माझी परीक्षा साधी असते. चारही पाय निवांत उचलू देतो का? "थांब" म्हटल्यावर थांबतो का? रिकामं खोगीर घालून, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून गावातून हातानं चालवला, ट्रॅक्टर शेजारून गेला, तरी सोबत राहतो का? एकाचंही उत्तर "नाही" असेल तर महिनाभर थांबा.

वजनाचा हिशेबही करा. पूर्ण वाढलेल्या घोड्यासाठी स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, असा ढोबळ नियम सांगतात. कोवळ्यासाठी मी १५ च्या वर जात नाही. ३५० किलोच्या घोड्यावर म्हणजे जेमतेम ५२ किलो. घरातल्या सडपातळ, शांत हाताच्या पोरीला पहिल्यांदा बसवा, थोरल्या काकांना नको.

आता बसल्यावर अडलं तर? तंग आवळताना चावायला येणं, पाठ खाली दाबणं, सतत शेपूट झटकणं, अडखळणं याला आपल्याकडे सर्रास "खोड" म्हणतात. बहुतेक वेळा ते दुखणं असतं. खोगीर मणक्यावर टेकतंय का ते बघा. मान झटकत असेल तर दात तपासून घ्या. पहिल्या दाढेपुढे कधीकधी एक बारीक जादा दात असतो, लगामाची कडी त्यावर लागते. गुडघा गरम किंवा सुजलेला वाटला तर स्वारी बंद आणि पशुवैद्य. काटेरी लगाम हा यावरचा उपाय नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदीच आहे.

पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, सरळ रस्त्यानं फक्त चाल. दुडकी नको, रेवाल ही वेगवान चाल तर नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करताना पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. अंग चोरलं, तर त्या दिवशी खोगीर खुंटीवरच राहू द्या.